शुंबांचं देशप्रेम आणि गिरणीचं इंजिन

ताफिरेन्यिका या नावाचा अर्थ 'देशासाठी आम्ही मेलो'. नाव ठेवलं वडिलांनी. ज्यांना ठेवलं त्या गृहस्थांनी मात्र देशासाठी कधी जेवणाची वेळसुद्धा चुकवली नव्हती. रुसापे गावच्या वेंगेरे वस्तीत त्यांची मक्याची गिरणी होती. सिंह हे त्यांच्या कुळाचं देवक, म्हणून रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना शुंबा, म्हणजे सिंह, अशी हाक मारत. घरात बायकोपुढे या सिंहाचा आवाज फुटत नसे. बसस्टँडवर चार माणसं दिसली की मात्र गर्जना सुरू होई.

गर्जनेचा विषय ठरलेला. देशाची स्वतःची नोट दहा वर्षांपूर्वी मेली होती. शेवटी शेवटी तिच्यावर शंभर लाख कोटी असा आकडा छापलेला असे आणि तेवढ्यात एक पाव येईल का, याची दुकानदारालाच शंका वाटे. मग लोकांनी अमेरिकेचा डॉलर धरला. तो मळला की साबणाच्या पाण्यात धुवायचा, चिमटा लावून दोरीवर वाळत घालायचा आणि पुन्हा बाजारात न्यायचा. गिरणीतही बादलीभर मक्याच्या दळणाला एक डॉलर असा दर होता. दिवसभर शुंबा तो डॉलर उजेडात धरून, उलटासुलटा करून खिशात घालत, आणि संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन म्हणत, "दुसऱ्याच्या चपला घालून देश किती दिवस चालणार?"

एकदा बायकोने, म्हणजे सेकेसाईच्या आईने, सहज विचारलं, "मग उद्यापासून डॉलर घेणं बंद करायचं का?"

"मी तत्त्वाचं बोलतोय, सेकेसाईच्या आई. तू गिरणीचं बोलतेस."

"तत्त्वाला डिझेल लागत नाही ना, म्हणून विचारलं."

डिझेलचा विषय निघाला की शुंबा बसस्टँडची वाट धरत, कारण गिरणीचं इंजिन आता म्हाताऱ्यासारखं खोकू लागलं होतं. दर आठवड्याला दुरुस्ती निघे. मुतारे शहरातला दुकानदार नवं इंजिन द्यायला तयार होता, पण फक्त डॉलरवर, तेही रोख. शुंबांच्या डोक्यात त्याचा हिशेब पक्का होता. मुलीचं, सेकेसाईचं, लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा नोमॅटर वेल्डिंगचं काम करायचा आणि चार पैसे राखून होता. रीत अशी की नवऱ्याकडचे मुलीच्या बापाला रोरा देतात, गाईगुरांच्या रूपात. शुंबांनी आधीच निरोप धाडला होता, "गाई नकोत. गाईंची किंमत रोख द्या." गाईला चारा घाला, गाईमागे गुराखी ठेवा, हे कुणी सांगितलंय? रोख आली की थेट मुतारे, आणि संध्याकाळपर्यंत इंजिन दारात. शेजाऱ्यांना ते आताच इंजिनाचा आवाज काढून दाखवत.

आणि मग जूनच्या एका थंडगार सोमवारी सकाळी रेडिओने सांगितलं की आजपासून देशाची स्वतःची नवी नोट हाच एकमेव पैसा. डॉलरने व्यवहार करणं गुन्हा.

खरं म्हणजे त्या दिवशी शहाण्या माणसाने आजारी पडून घरात झोपायला हवं होतं. वस्तीतले बरेच शहाणे तसे झोपलेही. शुंबा कोट घालून बसस्टँडवर गेले. नगरसेवक मापोसा भाषणाला आले होते, त्यांच्या शेजारी शुंबा उभे राहिले आणि दहा वर्षांची हौस त्यांनी एका दमात फेडून घेतली. "आपल्या नोटेला जो नाक मुरडेल, त्याच्या घरचं पाणी मी पिणार नाही! आणि जो डॉलरचा सरकारी भाव सोडून रस्त्यावरच्या भावाने बोलेल, तो देशद्रोही!" टाळ्या पडल्या. मापोसांनी हात मिळवला. शुंबा एवढे फुगले की शनिवारच्या रोऱ्याच्या बैठकीचं आमंत्रणही त्यांना देऊन बसले.

गर्दीत मागे एक माणूस शेंगा खात उभा होता. त्याचं नाव झिवानाई. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता, आणि नोमॅटरच्या घरच्यांनी बोलणी करायला मध्यस्थ म्हणून त्यालाच नेमलं होतं. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. शेंगा संपवल्या, टरफलं झटकली आणि निघून गेला.

शुंबांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. बाहेर बोलायचं ते बाहेरचं आणि घरात घ्यायचं ते घरातलं, ही समज सगळ्या गावाला असते, जावयाकडच्यांनाही असेलच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हा तर त्यांच्या मते राजकारणाचा पाया होता.

शनिवारी बैठक बसली. रिवाजाप्रमाणे बापाने थेट तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीने धाकटा भाऊ बोलतो. म्हणून शुंबा भिंतीला टेकून मागे बसले. नगरसेवक मापोसा खुर्चीवर. झिवानाई खाली चटईवर, दोन्ही तळवे जुळवून अदबीने टाळी वाजवत. नवरा मुलगा रीतीप्रमाणे फाटकाबाहेर थंडीत उभा.

मध्ये लाकडी ताट ठेवलेलं. पहिला मान तोंड उघडण्याचा. तो ताटात पडल्याशिवाय मुलीकडचे बोलतच नाहीत. झिवानाईने खिशातून पुडकं काढलं आणि ताटात ठेवलं. देशाच्या नोटा. कोऱ्या करकरीत.

धाकटा भाऊ ताटाकडे बघत राहिला. "हे काय आणलंत?"

"तोंड उघडण्याचा मान, मालक."

"ते कळलं. पण हे... हे आपले पैसे आहेत."

"आपलेच," झिवानाई म्हणाला. "परक्याचे आणून शुंबांच्या घराचा अपमान करू? सोमवारी मी माझ्या कानांनी ऐकलंय."

भिंतीकडून खोकल्याचा आवाज आला. भावाने वळून पाहिलं. शुंबांनी भुवया उडवल्या, मान हलवली, बोट हलवलं. बोलण्याखेरीज जे जे करता येतं ते सगळं केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तेवढ्यात खुर्चीवरून मापोसांनी मांडीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात जावई! शुंबा, नशीब काढलंत हो!"

आता नाही म्हणण्याची छाती कुणाची? भावाने टाळी वाजवून ताट स्वीकारलं. आणि पहिलं ताट ज्या पैशात घेतलं, त्याच पैशात शेवटचंही घ्यावं लागतं, हे झिवानाईने फार गोड शब्दांत सांगितलं. गाईंची रोख किंमत निघाली, ती डॉलरमध्ये धरलेली. भाव कुठला, असं भावाने चाचरत विचारलं.

"सरकारी, मालक. दुसरा भाव बोलणारा कोण असतो, ते शुंबांनी सांगितलंय. मी पुन्हा तो शब्द उच्चारत नाही."

त्याच सकाळी झिवानाईने नोमॅटरचे डॉलर रस्त्यावर विकले होते, आणि सरकारी भावापेक्षा किती जास्त मिळाले हे सोडून बाकी सगळं तो प्रामाणिकपणे सांगत होता.

शुंबांना राहवेना. त्यांनी भावाला जवळ ओढून कानात सांगितलं. भाऊ म्हणाला, "आमचं म्हणणं, रोख राहू द्या. गाईच द्या."

"अरे देवा! पण गाई नकोत हा निरोप तर तुमच्याकडूनच आला ना? पोरगा बिचारा चार कळपवाल्यांना नको सांगून बसला."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आत्याचा आवाज आला. आत्या म्हणजे शुंबांची थोरली बहीण. अशा बैठकीत तिला कुणी अडवत नाही. "बापाचं काय ते बापाने बघावं. मुलीच्या आईच्या हक्काच्या गाईचं काय? तीसुद्धा कागदाची का?"

झिवानाई दचकून सरळ बसला. "छे छे, आत्याबाई! आईची गाय जिवंतच द्यायची. तिथे पैसा चालत नाही, कुणाचाही. पितर झोपू देतील का आम्हाला? फाटकाशी बांधलीय. गाभण आहे."

शेवटी सेकेसाईला बोलावलं. रीत अशी की मुलीने ताटातले पैसे उचलायचे आणि बापाने ते घ्यावेत की नाही, हे सगळ्यांसमोर सांगायचं. शुंबांनी तिच्याकडे असं पाहिलं की दगडालाही पाझर फुटावा. नुसतं 'थांबा' म्हण पोरी, उद्या बघू म्हण. सेकेसाईने चवड उचलली, जराशी तोलली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "आपले आहेत."

बायकांनी आनंदाने लकेर काढली. बोकडाचं मटण आणि मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा वाढला गेला. मापोसा पोटभर जेवले आणि निघताना झिवानाईला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "थोडे डॉलर उरले असतील तर बघा की. मुलाची फी भरायचीय."

सोमवारी शुंबा नोटांची पिशवी घेऊन मुतारेला गेले. दुकानदाराने कायद्याला भिऊन पाटी बदलली होती. तिच्यावर देशी पैशातला असा भाव लिहिला होता की शुंबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. "डॉलर असतील तर जुन्या किमतीत देतो," दुकानदार पुटपुटला, "पण मी बोललो नाही आणि तुम्ही ऐकलं नाही." शुंबा परत आले. भाव उतरेल म्हणून थांबले. ऑगस्टमध्ये त्या पिशवीत अर्धं इंजिन आलं असतं, पण अर्धं कुणी विकत नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तिच्यात फक्त इंजिनाचा पट्टा आला. तो शुंबांनी घेतला. पट्टा चांगला होता. पट्टा लावल्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिनाने शेवटचा खोकला दिला.

तेव्हा शुंबा गिरणीच्या ओट्यावर बसून रडले. बायका डोक्यावर मक्याच्या बादल्या घेऊन समोरून पलीकडच्या गिरणीत जात होत्या, आणि त्यांना हाक मारायलाही काही कारण उरलं नव्हतं. वीस वर्षांची गिरणी होती ती.

जावई म्हणजे उंबराचं झाड, खाऊन कधी संपत नाही, अशी तिथली म्हण. त्या भरवशावर शुंबा नोमॅटरकडे गेले. जावयाने गुडघे टेकून टाळी वाजवली, सासऱ्याला कोंबडी खाऊ घातली आणि निघताना आदराने हातात पाकीट ठेवलं. आत देशी नोटा होत्या. तक्रार कुठल्या तोंडाने करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

दरम्यान सेकेसाईच्या आईची गाय माहेरी, भावाच्या गोठ्यात होती. तिने गोऱ्हा दिला, मग कालवड दिली. सरकारने मधल्या काळात डॉलरला पुन्हा परवानगी दिली, नोटांचे रंग बदलले, नावं बदलली. गाईला त्यातलं काही कळलं नाही, ती चरत राहिली. तिसऱ्या वर्षी सेकेसाईच्या आईने गोऱ्हा एका शेतकऱ्याला दिला, आणि त्याच्या शेडमध्ये धूळ खात पडलेलं डिझेल इंजिन बैलगाडीत घालून आणलं. व्यवहारात एकही नोट नव्हती, देशी ना परदेशी.

इंजिन बसलं. पहिल्या फटक्यात धडधडलं. शुंबांचे डोळे भरून आले. ते कोट झटकत पुढे झाले आणि गिरणीच्या तोंडाशी आपल्या जुन्या जागी उभे राहिले.

"जरा बाजूला व्हा," सेकेसाईची आई म्हणाली. "गाय माझी, गोऱ्हा माझा, तेव्हा इंजिनही माझं. दळणाला डॉलर घेणार आहे मी. दळायला माणूस हवाय. राहता का?"

शुंबांनी मान खाली घातली. "राहीन. पण पगार?"

"देईन की. दर महिन्याला, वेळेवर." तिने मक्याची पहिली बादली त्यांच्या हातात दिली. "आपल्या देशाच्या नोटांत."