दहाच तास व्हय?

मंडळी, आज आमच्या घरातला दोन महिन्यांचा तिढा पाच मिनिटांत सुटला.

धाकटी बहीण लंडनला असते. तिला सातवा महिना लागलाय. बाळंतपणाला आईनं यावं म्हणून ती कधीची मागं लागलीय. पण आई आजवर विमानात बसलेलीच नाही. "एवढ्या लांब मला न्हाय जमायचं," हे तिचं ठरलेलं उत्तर.

आज सकाळी फोनवर बोलता बोलता बहीण रडली. फोन ठेवल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "किती लांब हाय रं ते?"

"मुंबईपासून सात हजार किलोमीटर."

तिचा चेहराच उतरला. मी घाईनं म्हटलं, "पण विमानाला दहाएक तास लागतात."

"दहाच तास व्हय? अरं, हिच्या वेळंला चौदा तास कळा सोसल्यात की मी! काढ तिकीट."

दुपारी ठेवणीतली साडी नेसून ती पासपोर्टच्या फोटोला बसलीसुद्धा. फोटोग्राफर सांगून दमला, पण तिचं हसू काही आवरेना.

तुमच्यापैकी कुणाची आई अशी एकटी परदेशी गेलीय का? जाण्याआधी तिला काय काय शिकवलंत, सांगा की.