टिपणीसकाकांचा बुधला

मी ज्यांच्यावर अन्याय केला ते टिपणीसकाका. कधी? गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दुपारी, इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या शाळेच्या हॉलमध्ये, आपल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा पडदा उघडायच्या आधी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मोहिमेतल्या मित्रांना तर नाहीच. हातासरशी पत्रक खरडणाऱ्या मला ही चार वाक्यं लिहायला वर्ष लागलं — काय म्हणायचं याला?

काकांना तुम्ही ओळखता. निवृत्त हार्टचे डॉक्टर. आपली रविवारची मराठी शाळा त्यांच्या बेसमेंटमध्ये भरायची, आणि तिथल्या काचेच्या कपाटात तो बुधला होता. तेलाचा, मातीचा, नारळाएवढा. तीन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या मायसीनी लोकांनी केलेला. पोटावर ऑक्टोपस, आणि त्याचे हात पार मागे जाऊन एकमेकांना भिडलेले. काका तो मांडीवर घेऊन विचारायचे, तेल कुठून ओतायचं? सगळी मुलं मधल्या मानेकडे बोट दाखवायची. ती मान बंद असते, नुसती धरायला. खरी चोच बाजूला. ऑक्टोपस काढायला हे लोक क्रीट बेटावरच्या मिनोअन लोकांकडून शिकले, असंही काका सांगायचे. "म्हणजे कॉपी केली?" वर्गातल्या ओंकारने एकदा विचारलं. "हो, पण तुझ्यासारखी चुकांसकट नाही," काका म्हणाले.

पुढे मित्रांबरोबर मोहीम काढून मी, थडग्यांतून उकरलेल्या वस्तू ज्या देशाच्या त्याला परत द्या म्हणून, इथल्या म्युझियमच्या दारात पत्रकं वाटू लागले. त्याबद्दल पश्चात्ताप? मुळीच नाही. असा अख्खा, न फुटलेला बुधला बहुधा मिळतो कुठे? थडग्यात. चोर खणतो तेव्हा बुधला कुणाच्या उशाशी होता, शेजारी काय होतं, हे सगळं कायमचं पुसलं जातं. मला आजही चीड येते. पण गेल्या वर्षी मोहीम थंड पडली होती. म्युझियम दाद देत नव्हतं. लोक पत्रक घ्यायचे, हसायचे, आणि पार्किंग लॉटमधल्या डब्यात टाकायचे.

तेवढ्यात काकांचा फोन आला — थांबा. यापुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, नाही का? एका मुलीला डॉक्टरांच्या बेसमेंटमधला चोरीचा माल दिसला, तिने न घाबरता पत्रक काढलं, आणि डॉक्टरांनी झक मारत बुधला परत दिला. पत्रकातलं शेवटचं वाक्य तुमच्या लक्षात असेल. 'दबाव आल्याशिवाय हा बुधला परत जाणार नाही.' त्यावर टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

खोटं होतं ते. लिहिताना मला माहीत होतं की खोटं आहे.

कारण फोनवर काका म्हणाले होते, "तुझं पत्रक वाचलं गं. मग माझा बुधला तरी कुठून आला असेल? परत द्यायचाय, बाळ. कुणाशी बोलायचं तेवढं सांग." तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका दुकानातून त्यांनी तो घेतला होता. कुठे सापडला ते दुकानदाराने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा काका, मी चौकशी करते.

चौकशी केली नाही. पत्रक छापलं. त्यांच्या नावानिशी. आणि त्या शनिवारी हॉलच्या दारात वाटलं.

कशासाठी? आपणहून देणाऱ्याची बातमी होत नाही, बातमीला चोर लागतो. म्हणून मी एक चोर तयार केला. आणि कुठला निवडला? घरचा. जो उलटून बोलणार नाही याची मला खात्री होती, तो.

त्या शनिवारी एका काकूंनी चकल्यांची ताटली पुढे करत विचारलं, "डॉक्टर, आमच्या घरून काही उचललं नाहीत ना?" सगळे हसले. काकाही हसले. मग हातातल्या पत्रकाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि टिपणीसकाकूंचा कोट शोधायला गेले. मी दारातच होते, उरलेला गठ्ठा घेऊन. त्यांनी मान हलवून वाट मागितली. मी दिली.

बुधला त्यांनी स्वतःच धडपड करून ग्रीसला पाठवला. नंतर एकदा मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार अर्धंच उघडलं. "तू येत जाऊ नकोस आता," म्हणाल्या. आतून काकांचा आवाज आला, "कापसात गुंडाळलाय म्हणावं नीट. पोचला की कळवीन."

पोचला! ग्रीसमधल्या एका संग्रहालयात तो मांडलाय, फोटो आलाय, ऑक्टोपसचा एकही हात दुखावलेला नाही. आणि ज्या म्युझियमशी आम्ही भांडत होतो, त्यांनी गेल्या आठवड्यात लिहून दिलं — ग्रीसच्या वस्तू परत जाणार. जिंकलो आपण, दणदणीत जिंकलो! फक्त कुणामुळे, ते ऐका. मीटिंगमध्ये म्युझियमच्या अधिकारी बाई मला म्हणाल्या, तुमच्या पत्रकांनी आम्ही फक्त चिडलो होतो. ते म्हातारे डॉक्टर वर्षभर येत राहिले, कुणी बोलावलं नसताना. येऊन म्हणायचे, मी दिला, मला हलकं वाटतंय, तुम्हीही देऊन बघा.

वर्षभर. चोर म्हणून. आणि मी टाळ्या घेत होते.

हा विजय त्यांचा आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तो मी चोरला. माझं वय, माझी तळमळ यातलं काहीही मध्ये आणू नका. मला माफही करू नका. त्या शनिवारपासून काकांना आपल्यापैकी कुणीही घरी बोलावलेलं नाही. हे वाचून झालं की फोन उचला आणि त्यांना जेवायला बोलवा. पान वाढल्यावर आपल्या मुलांना त्यांच्यासमोर सांगा, बुधला यांनी परत दिला, कुणी मागितला नसताना.