सगळ्यात वाईट कल्पना

देवासच्या आमच्या कारखान्यात ‘डिझाइन थिंकिंग’, म्हणजे अडचणींवर नव्या कल्पना शोधायची पद्धत, शिकवायला इंदूरहून एक बाई आल्या होत्या. नाव आता आठवत नाही. कोपरापर्यंत सरकवलेल्या बाह्या आणि बोटांना चिकटलेली टेप तेवढी आठवते. कँटीनमधली दुपारची गर्दी कमी कशी करायची, असा प्रश्न त्यांनी टाकला. साहेब समोरच बसलेले, त्यामुळे सगळे गप्प. मागे एकानं सूचना केली, तर साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं.

बाईंनी मग पुठ्ठ्याचं छोटंसं कँटीन केलं आणि छतातून दोरीनं ताटं खाली सोडली. आम्ही हसलो. साहेबही हसले.

“देखो भिया, सगळ्यात वाईट कल्पना माझी झाली,” त्या इंदुरी ढंगात म्हणाल्या. “आता तुम्हाला कसली भीती?”

मी उभी राहिले. “साहेब, आम्हा पॅकिंगवाल्यांची जेवणाची सुट्टी मशीनवाल्यांच्या नंतर ठेवली तर?”

साहेबांनी मान डोलावली. “सोमवारपासून करून बघू.”

बाई संध्याकाळच्या बसनं गेल्या. सोमवारी आम्ही पॅकिंगच्या बायका पहिल्यांदाच बाकावर ऐसपैस बसून जेवलो.

“आता पाण्याच्या बंद नळाचं साहेबांशी मी बोलणार हं,” शेजारची मैत्रीण म्हणाली.