आजोबांच्या गाडीचा खरा रंग

आता ही फजिती सांगायची, तर आधी एक कबूल करा. चहाचा घोट तोंडात असताना हसायचं नाही. मागच्या वेळी सांगितली तेव्हा एकीचा ड्रेस खराब झाला होता.

मला काय वाटलं होतं? परदेशात तीन वर्षं जुन्या वस्तूंचं जतन शिकून मी गावी परतले, तेव्हा चित्र डोळ्यांपुढे तयार होतं. शेडचं दार उघडेल, धुळकट चादर ओढली की आजोबांची छोटी गाडी दिसेल, आणि सगळं घर बाह्या सरसावून कामाला लागेल.

आणि सापडलं काय? टपावर हळदीची सहा पोती. मागच्या सीटवर अंड्यांवर बसलेली कोंबडी. बाजूला हळद घासायचा मोठा ड्रम धडधडतोय, आणि त्या आवाजात अप्पा, म्हणजे माझे वडील, भंगारवाल्याशी फोनवर ओरडून बोलतायत!

"अप्पा, हा आपला वारसा आहे!"

"मंग तुझ्या खोलीत ने तो वारसा. नवी हळद येऊन राहिली, मला जागा पाहिजे."

दोन दिवस मी जेवले नाही. म्हणजे घरात जेवले नाही. काकूकडे जेवत होते. शेवटी अप्पांनी तोडगा काढला. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली होती. लग्न होऊन सासरी साखऱ्याला जाईपर्यंत आजोबांना वसमतच्या बाजाराला तीच न्यायची, तीच आणायची. आख्खा बाजार बघत राहायचा म्हणे.

"अक्का दोन महिन्यांनी येणार हाये," अप्पा म्हणाले. "तिनं बघितल्याबरोबर गाडी वळखली, तर ऱ्हाऊ दे. न्हाई वळखली, तर दुसऱ्या दिवशी भंगारात. बोल, हाये कबूल?"

मी काय, नाचतच कबूल केलं.

घर खरंच कामाला लागलं हो! ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या काकाने इंजिन खोललं. आईने सीट उसवून नवी शिवली. कोंबडीला सन्मानाने खुराड्यात हलवलं. पत्रा ठोकायला आणि रंग मारायला वसमतहून बशीरचाचा आले. आणि मग आला तो प्रश्न. गाडीचा मूळ रंग कोणता?

बाहेरून तर सगळा गंजच गंज. मी वही घेऊन एकेकाला गाठलं.

"पांढरी," अप्पा म्हणाले.

"कशाची पांढरी? आभाळी!" काका म्हणाला. "मी तिच्या टपावरून पडलेलो हाये, मला ठाऊक न्हाई व्हय?"

"मी लग्न होऊन आले तवापासून गंजकीच बघते बाई," आई म्हणाली.

जुना फोटो काढला. त्यात गाडी करडी. पण त्यात आत्याही करडी, आजोबाही करडे, मागचं झाडसुद्धा करडं! माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. मग शिकलेलं आठवलं. माणसाची आठवण फसवते, वस्तू फसवत नाही. यावर मी घरच्यांना व्याख्यानही दिलं. काका मधेच उठून गेला, ते सोडा.

जिथे ऊन पोचत नाही, तिथे मूळ रंग टिकून राहतो. मी दाराचं रबर काढलं. आत काय? पिवळा! बॉनेटच्या बिजागरीखाली? पिवळा! मीटरच्या मागे? घट्ट, जाड, चकचकीत पिवळा! सात जागांचे सात नमुने खरवडले, सात पुड्या बांधल्या, त्यांवर आकडे घातले. इतका ठसठशीत पुरावा कुणाला मिळतो सांगा!

बशीरचाचा डोकं खाजवत म्हणाले, "बेटी, हे जरा पोपडे धरून राहिलंय. अजून थोडं घासून पाहू का खाली?"

"चाचा, अजिबात नाही! पुरावा नष्ट होईल!"

"बराबर," चाचा म्हणाले. "तुमी शिकलेल्या." पण बराच वेळ ते माझ्याकडेच बघत होते.

तोच पिवळा मिळावा म्हणून एक पुडी घेऊन मी नांदेडला गेले. दुकानदाराने चार वेळा रंग मिसळला, तेव्हा कुठे मनासारखा जमला. चाचांनी तो मारला आणि गाडी अशी झाली, की रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर थांबायचा!

आत्या आली. सत्तरी ओलांडलेली, कमरेला पानाची पिशवी, चाल ताठ. तिला हाताला धरून शेडपर्यंत नेलं. सगळं घर मागे.

आत्याने गाडीला एक फेरी मारली. मग दुसरी.

"दत्ता, ही कोन्हाची रे?" तिने अप्पांना विचारलं. "अन् माझी कुठं ठेवलीस?"

"आत्या, हीच तुझी!" मी ओरडले.

"माझी पांढरी होती गं. दुधावानी."

"तसं वाटतं तुला. आठवण फसवते. हा बघ शास्त्रीय पुरावा, दाराच्या फटीतला!" मी पुडी नंबर तीन तिच्या तळहातावर उपडी केली.

आत्याने पोपडा चिमटीत चुरला. वास घेतला. मग पिशवीतून चुन्याची डबी काढली, बोटभर चुना लावला, वर पाण्याचा थेंब टाकला आणि अंगठ्याने चोळलं.

तळहात लालभडक!

मला तर काय घडलं तेच कळेना. गाडीच्या रंगातून कुंकू कसं निघेल?

"पोरी, हळद हाये ही," आत्या म्हणाली. "बाजूला ड्रम फिरून राहिला एवढी वर्सं. ग्रीसवर बसली, वाळली, थर झाला. रंग तिच्या खाली असंल की! खाली काहून न्हाई बघितलं?"

"चाचा म्हणाले होते," मी पुटपुटले.

"म्हनालो होतो," बशीरचाचा हळूच म्हणाले.

आणि ऐका, हळदीला चुना लावला की ती लाल होते, हा प्रयोग मी कॉलेजात केलेला आहे. काचेच्या नळीत. पैकीच्या पैकी गुण! आत्याने त्याच अंगठ्याने माझ्या कपाळावर टिळा ओढला. "घे. दारातल्या फटीचा परसाद."

काका जमिनीवर बसून हसत होता. अप्पा मात्र हसले नाहीत.

"अक्का, वळखली न्हाईस ना? मंग ठरलं. उद्या भंगारवाला."

"ठरलं कसं? दाखवली कुठं तुमी मला माझी गाडी?" आत्या कडाडली. "मी आठ दिस हाये इथं. खालून पांढरी निघाली तर वळखीन. तवर थांबव त्याला."

अप्पांनी फोन काढला आणि ते भंगारवाल्याला थांबवायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातालाच बशीरचाचा पॉलिशपेपर घेऊन हजर. "बेटी, आता कसं करायचं? तुमच्या पद्धतीनं?"

मी सातही पुड्या चुलीत टाकल्या, दाराच्या रबराखालची जागा पाण्याने ओली केली आणि मनाशी पक्कं ठरवलं. सगळी गाडी आठ दिवसांत मी स्वतः हाताने घासायची. आणि खाली जो काही रंग निघेल, त्याला रंग म्हणण्याआधी आत्याची चुन्याची डबी मागून आणायची!