भिंतीवरून गाळलेली ओळ

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा सगळीकडं नव्याची नवलाई होती. नव्या पाट्या, नवे शिक्के, नव्या जीपगाड्या. पाऊस तेवढा नव्हता. विहिरी तळाला गेल्या आणि त्या तळाच्या गढूळ पाण्यानं घरोघर हगवण-उलटी सुरू झाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी तेव्हा जळकोटकडच्या माझ्याच गावात आरोग्यसेवक होतो.

मोहिमेसाठी वरून पैसा आला. लोकांनी अंगाऱ्या-दोऱ्यात वेळ घालवू नये, वेळेवर दवाखाना गाठावा, म्हणून भिंती रंगवायच्या होत्या. मजकूर दोन ओळींचा होता. ‘हगवण-उलटी लागताच सरकारी दवाखान्यात न्या. वाटेत मीठ-साखरेचे पाणी पाजत रहा.’ पण उदगीरचा पेंटर अक्षरावर मजुरी घ्यायचा, आणि आम्हा आरोग्यसेवकांत ज्याच्या भिंती जास्त तो शहाणा. मी डोकं चालवलं. दुसरी ओळ गाळली. तेवढ्याच पैशात दुप्पट भिंती रंगल्या, साहेबांनी पाठ थोपटली आणि मी गाढवासारखा फुगलो.

आठवडाही झाला नसेल. वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याचं दीड वर्षाचं पोर सकाळीच ओकायला लागलं. एरवी त्यांनी अंगारा लावला असता. यंदा पोराच्या आईनं भिंतीवरचं वाचून दाखवलं. एसटी निघून गेली होती, म्हणून आजी आणि बाप पोराला घेऊन बैलगाडीनं उदगीरला निघाले. माझं उपकेंद्र वाटेवरच, पण त्याला कुलूप, कारण मी शेजारच्या गावात पेंटरच्या मागं उभा होतो. पाणी पाजलं की जुलाब वाढतो, हे आमच्याकडं सगळ्यांनाच पाठ. ऊन चढलं तरी पोराच्या ओठाला कुणी थेंब लावला नाही. पोर वाटेतच गेलं.

मी भेटायला गेलो. आजी उंबऱ्यात बसली होती.

“तुमीच लिवलं व्हतं ना, दवाखान्यात न्या म्हनून? न्हेलं की. पानी पाजा म्हनून कुटं लिवलं व्हतं?”

मजकुरात होतं बाई, मीच ते गाळलं, हे कसं सांगणार?

पेंटरला पुन्हा बोलवावं तर पैसा संपलेला. साहेब म्हणाले, दवंडी पिटवून घ्या, तिला काय खर्च नाही. सरपंचांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “तुमच्याच घरचं काम हाय की ते.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा माझ्या बापानं दवंडी पिटायची गावकीची हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. “जमायचं न्हाई,” म्हणालो आणि घरोघर सांगत सुटलो. दिवसभरात दोनच आळ्या झाल्या. मधेच वाटायचं, माझा मान मोठा का पोरांचा जीव? लगेच वाटायचं, मान सोडायचा तर बापानं एवढं सोसलं कशाला?

संध्याकाळी बापाला सांगितलं. तो तंबाखू मळत म्हणाला, “त्यांनी सांगितलं म्हनून वरडायचं, ती दवंडी. तुला सोताला सांगायचं आसंल तर भीमजयंतीचा कर्णा हाय की आपला.”

दुसऱ्या दिवशी तो कर्णा आणि बॅटरी बैलगाडीवर बांधली. वस्तीतले दोघं-तिघं कुरकुरले, त्यांच्यासाठी आपला कर्णा कशाला म्हणून. बापानं सरळ गाडीवर चढून कासरा हातात घेतला. मी ओरडत होतो, “पाणी बंद करू नका. उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी, चिमूटभर मीठ, मूठभर साखर. दवाखान्यात जाताना वाटेत घोट घोट पाजा.” बाया दारात येऊन ऐकत होत्या. वरच्या आळीत शिरलो तसं ते घर दिसलं. मी बटण बंद केलं आणि बापाला म्हणालो, “बैलं जरा जोरात हाका.” त्या दारासमोर पाणी पाजा म्हणायला माझी जीभ उचलेना.

आजी घरातून धावत आली आणि बैलांच्या पुढं उभी राहिली.

“बंद कामून केलास?”

मी गाडीवरून खाली उतरलो.

“मोठी नात सकाळपसनं ओकायलीय. आत ये, मीठ किती घालायचं ते दाव.”

त्या घराच्या आत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी थेट चुलीपाशी बसलो आणि वाटी-चमच्यानं दुपारपर्यंत पाजत राहिलो. नंतर त्याच गाडीतून, पाजत पाजत, तिला उदगीरला नेलं. पोरगी वाचली.

आजीनं त्यानंतर धाकट्याचं नाव माझ्यासमोर कधी काढलं नाही. मी गेलो की चहा ठेवायची. तिनं एकदा तरी शिव्या घालायला पाहिजे होत्या.