हर्सूलला नेणाऱ्या चपला

सुरुवातीलाच सांगते – भूतबित, करणी, बाहेरची बाधा असलं काही मी मानत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. रिपोर्टमध्ये येतं तेवढं खरं, बाकी सगळ्या गप्पा. तेव्हा "ताई, लिंबू उतरवून टाकायचं होतं" अशा कमेंट कृपा करून टाकू नका... मी आधीच वैतागलेली आहे.

आमचं घर उस्मानपुऱ्यात, तळमजल्यावर. मी, कॉलेजात जाणारी माझी मुलगी ऋतुजा आणि माझी आई. आई मूळची पाचोडची, वडील गेल्यापासून माझ्याकडे असते. गुडघ्यांमुळे ती फार कुठे जात नाही, पण दर शनिवारी मागच्या गल्लीतल्या मारुतीला जाणार म्हणजे जाणार. तेवढीच तिची स्वतःची अशी वाट.

ऋतुजाला कोरियन सिनेमांचं वेड. एका रविवारी तिनं आम्हाला भुताचा एक सिनेमा बघायला बसवलं. त्यात काय, तर छत्री! एक बाई रेल्वेत विसरलेली छत्री घरी आणते आणि ती छत्री एकेकाला मारत सुटते. मी तर हसून हसून बेजार. आई मात्र शेवटपर्यंत मन लावून बघत होती. संपल्यावर म्हणाली, "सगळे छत्री फेकायलाच पळालेत. तिची मालकीण कोण, तिला काय पाहिजे, हे कुणीच कसं इचारलं नाय गं?"

पुढच्याच शनिवारी आई मारुतीहून दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला घालून आली. तशाच तपकिरी, तशाच झिजलेल्या. फक्त एकीचा पट्टा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला. तिच्या लक्षात येईपर्यंत ती घरी पोचली होती. मी परत जाऊन बघितलं, तर तिची जोडी तिथं नव्हती. शेजारच्या काकू खूश – "अहो, देवळातून चप्पल गेली म्हणजे पीडा गेली!" आणि मग हळूच म्हणाल्या, "पण या कुणी मुद्दाम सोडलेल्या नसल्या म्हणजे मिळवली."

तेव्हा मला पहिल्यांदा संताप आला. साडेसाती टळावी म्हणून लोक शनिवारी देवळाबाहेर चपला मुद्दाम सोडून येतात, हे तुम्हालाही माहीत आहे. अरे, मग ती पीडा कुणाच्या पायात जाते? गुडघे दुखणाऱ्या एखाद्या म्हातारीच्याच ना? स्वतःचं झंझट दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं आणि वर नारळ फोडायचा!

त्यानंतरच्या शनिवारी आई मारुतीला म्हणून निघाली आणि दुपारी मला लॅबमध्ये फोन आला. हर्सूल जेलच्या गेटवरचा शिपाई बोलत होता. "मॅडम, तुमच्या मातोश्री इथं बसल्यात." उस्मानपुरा कुठं, हर्सूल कुठं, शहराची दोन टोकं! कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबणारी माझी आई तिथवर चालत गेली होती. मी रिक्षा करून धावले. ती शांत बसलेली.

"मारुतीलाच निघाले होते गं. पाय वळले. म्या काय करू?"

आठवड्याभरात पुन्हा तेच. पुन्हा तेच गेट.

आता माझा भाऊ. प्रशांत पुण्याला असतो आणि आईची काळजी फोनवरून करतो. म्हणाला, "ताई, हा सरळ सरळ विस्मरणाचा आजार आहे. बाहेरून कुलूप घाल. मी येतो पुढच्या रविवारी, इथं एक चांगली संस्था आहे, तिथं ठेवू." मी आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार, महिना, वजाबाकी सगळं विचारलं. आईनं सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही दाखवलं. तरी त्यांनी गोळ्या लिहून दिल्याच. प्रशांतला तेवढंच पाहिजे होतं. डोकं ठिकाणावर असलेल्या माझ्या आईला कुलपात टाकायला निघाले सगळे! आणि ती मेली वाट तेवढी एकच होती तिची.

ऋतुजा म्हणाली, "मम्मी, त्या चपला घातल्या की आजी जाते. आणि त्या दारात कशाही काढल्या तरी सकाळी रस्त्याकडे तोंड करून असतात. मी बघितलंय." मी तिला झापलं. सिनेमे कमी बघ म्हटलं. आणि तिला दाखवायचं म्हणूनच सकाळी त्याच चपला पायात सरकवून मी दूध आणायला निघाले.

मला सगळं आठवतंय. चक्कर नाही, गुंगी नाही. दूध घेतलं. घराकडे वळायचं होतं... आणि पाय वळेनात. कुणी ओढत नव्हतं. लहानपणी शाळेत जाताना रस्त्याचा विचार करायचो का आपण? तसं. हातात दुधाची पिशवी घेऊन मी थेट हर्सूल जेलच्या गेटसमोर उभी!

समोरच्या चहाच्या टपरीवरची खाला माझ्या पायांकडे बघत होती. भाचीच्या लग्नाला गावी गेली होती म्हणे, आजच परत आलेली. "बाई, ये चपला तुम्हाला कुठं मिळाल्या? ये पट्टा तो मैंच सिली थी!"

मग तिनं सांगितलं. लासूरकडची एक मावशी मुलाला भेटायला जेलवर यायची. कितीतरी वर्षं, पाऊस नाही की ऊन नाही. तिचा पट्टा तुटला तेव्हा खालानंच शिवून दिलेला.

"मग मुलाचं काय झालं?" मी विचारलं.

"सुटला ना! निर्दोष सुटला. पेढे दिई मेरेकू. बोली, ये चपला मारुतीला सोडते, आता ये रस्ता नक्को."

मी रिक्षात बसून, चपला हातात घेऊन, अनवाणी घरी आले. त्या जाळून टाकायच्या असंच ठरवलं होतं. आईला सगळं सांगितलं, तर तिनं माझ्या हातातून त्या काढूनच घेतल्या. पायरीवर बसली, पदरानं पुसल्या आणि मोठ्यानं, शेजारीण ऐकेल अशी त्या चपलांशी बोलली, "अगं बायांनो, सुटलं तुमचं लेकरू. घरी गेलं. तुम्हाला कुणी सांगितलंच नाय व्हय? आता नाय जायचं तिकडं."

मला रडू आलं. रागानंच आलं असावं.

रविवारी प्रशांत गाडी घेऊन हजर. आईनं त्याच्यासमोर त्याच चपला घातल्या, "येते रे," म्हणाली आणि मारुतीला निघाली. तो लपतछपत मागे गेला. थोड्या वेळानं ती प्रसाद घेऊन परत आली, हा तिच्यामागे घामाघूम. त्यानंतर संस्थेचा विषय निघालेला नाही. तिचा शनिवार तिच्याकडेच आहे.

प्रशांत आजही सगळ्यांना सांगतो, डॉक्टरांच्या गोळीनं फरक पडला. गोळ्यांचं पाकीट माझ्या कपाटात आहे, अजून फोडलेलंही नाही. आणि समजा दिल्या असत्या, तरी मी कशी पोचले हर्सूलला? मला कुठला आजार होता?

चपला आता दारात वेड्यावाकड्या पडलेल्या असतात. काल तर एक उलटीच होती. मी ती गुपचूप सरळ करून ठेवली.