खांद्याची परीक्षा

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून निवृत्त गवंड्यानं खेळातल्या फेकायच्या तबकडीला हात लावला नव्हता. आज तो टेकडीवरच्या झाडीत पुन्हा खेळायला आला. साखळ्या लावलेली टोपली वर चढावावर होती. मधे दाट झाडं, त्यांतून तबकडी फेकून त्या टोपलीत पाडायची, असा हा खेळ.

"हळू फेका हो," सोबत आलेली बायको म्हणाली.

"हळू फेकून खांद्याचं काय कळणार?"

त्यानं जीव खाऊन तबकडी फेकली आणि डोळे मिटून कळ येण्याची वाट पाहिली. कळ आलीच नाही. तबकडी मात्र खोडावर आपटून काटेरी झुडपात गडप झाली.

"गेली! यासाठीच का रोज खांदा चोळून दिला तुमचा?"

"अगं, दुखत नाही!" हात गरागरा फिरवत तो हसला. "काढ दुसरी पिशवीतून."